आधी दोघांतच बोला: रोजची भांडणं आणि ख्रिस्ती शिकवण

मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण मुलांना 'भांडू नका' सांगतो. भांडण झाल्यावर काय करायचं, हे मात्र क्वचितच शिकवतो. ख्रिस्ती धर्मात त्याची सरळ रीत दिली आहे, म्हणून हा पाठ.

बायबलच्या नव्या करारात, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येशू पायऱ्या सांगतो. कुणी तुझा अपराध केला, तर आधी एकटा त्याच्याकडे जा, दोघांतच बोल. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाहीच, तर मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे, विषय मांड.

आता आपल्या संभाजीनगरचंच बघा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. शेजाऱ्यानं नळाला थेट मोटर लावली आणि आपली धार बारीक झाली, की आपण लगेच गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. म्हणजे शेवटची पायरी पहिली! चारचौघांत नाव निघालं की माणूस चूक कबूल करत नाही, अडून बसतो. वर्गापुढे उभं केलेलं मूलसुद्धा माफी मागतं, पण तोंडदेखली.

पाचव्या अध्यायातलं सांगणं तर याहून अवघड. वेदीपाशी दान आणलं आणि आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी समेट कर. इथं पहिलं पाऊल उचलायचं ते ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यानं. औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा झाला. तिथल्या चर्चमध्येही, जगभरातल्यासारखंच, मिस्सात कम्युनियनआधी लोक शेजारच्याला शांतीचं अभिवादन करतात. तेवढ्यानं भांडण मिटतंच असं नाही, पण तोंड फिरवून बसणं जरा अवघड होतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. घरातली मारहाण हे 'दोघांतलं भांडण' नव्हे. तिथं 'क्षमा कर आणि नांदायला जा' असं कुठल्याही धर्माच्या नावानं सांगू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. तसंच मोठ्या मुलानं लहानग्याला छळलं, तर त्या लहानग्याला 'आधी एकटा जाऊन बोल' म्हणायचं नाही. तिथं आपणच मध्ये पडायचं.

बरोबरीच्या मुलांसाठी पाचवीपासून हा उपक्रम जमतो. दोघांना पाच मिनिटं व्हरांड्यात बसवा. प्रत्येकानं आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो 'हो, असंच' म्हणाला, की मगच आपलं. तुम्ही त्यांना दिसाल इतक्या अंतरावर थांबा, ऐकू येईल इतक्या जवळ नको.