आधी कान, मग भाषा

चि. मनू,


सोलापूरच्या पूर्व भागात स्पीच थेरपीसाठी बसायचं ठरवलंस, छान केलंस. तिथं मुलं कमी पडणार नाहीत आणि भाषाही. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत हिंदी-उर्दू, अंगणवाडीत मराठी. आई म्हणेल, "दहाच शब्द बोलतो." ते मराठीतले दहा असतात. आजीकडे पाणी कसं मागतो ते विचार. सगळ्या भाषांची बेरीज केल्याशिवाय 'उशीर' हा शब्द कागदावर लिहू नकोस. खरी अडचण असेल तर ती घरच्या भाषेतही दिसतेच. आणि "घरी मराठीच बोला" असं तर चुकूनही सांगू नकोस. मोडक्या मराठीत आई दोन वाक्यांत गप्प होते. तेलुगूत दिवसभर बोलते. लेकराला तेच हवं असतं.

पण त्याआधी कान. "हाक मारली की वळतो" असं घरचे छातीठोक सांगतील. सावली हलली तरी मूल वळतं. बेरा, म्हणजे कानाची तपासणी, केल्याशिवाय थेरपी सुरू करू नकोस. पैशांमुळे अडलं तर अंगणवाडीताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचार. 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. 'वडीलही उशिराच बोलले' म्हणून थांबणाऱ्यांना सांग, जन्मतः बहिऱ्या मुलाला केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं ते 5 वर्षांच्या आतच. जिभेची तार कापा म्हणणारेही भेटतील. तारेनं फार तर काही उच्चार अडतात. शब्दच येत नसतील तर कारण दुसरीकडे आहे.

बिड्या वळणाऱ्या बाईला "रोज अर्धा तास घेऊन बसा" सांगणं म्हणजे तिची थट्टा. हजार बिड्यांच्या हिशेबावर तिची चूल चालते. बिड्यांचं सूप बाजूला ठेवून ती भाकरीला बसते, ती वेळ धर. पिठाचा छोटा गोळा हातात घेऊन तिनं थांबायचं, लेकराकडे बघत मनात पाच मोजायचे. बोट दाखवलं, 'दे' म्हटलं, नुसता आवाज काढला, तरी गोळा लगेच द्यायचा आणि म्हणायचं, "गोळा दे." लेकराकडून तेच म्हणवून घ्यायचं नाही. हे तिला दाखवताना तू स्वतः जमिनीवर बस. टेबलामागून हे शिकवता येत नाही.

तोतरं बोलणाऱ्याच्या बापाला "सावकाश बोल" म्हणणं बंद करायला लाव. वाक्य पुरं होईपर्यंत ऐकलं की पुष्कळ झालं.

वेळ देताना बिड्या जमा करायला कधी जातात ते विचारून दे. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की फारसं कुणी येणार नाही. तेव्हा राहिलेले रिपोर्ट लिहून काढ.

तुझी,
आत्या