डोळ्याला सूज, मग सीटी स्कॅन कशाला?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाचा डावा डोळा सर्दीनंतर सुजला आहे. डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायला सांगितलंय. साध्या एक्स-रेवर भागणार नाही का?

उत्तर : नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यात कागदासारखं पातळ हाड असतं. सायनसमधला संसर्ग ते ओलांडून खोबणीत शिरू शकतो आणि तिथला पू एक्स-रेवर दिसत नाही. सीटीमध्ये हाडालगत साचलेल्या पुवाची कड कॉन्ट्रास्टमुळे उजळते, आतला भाग काळसर राहतो. गळू किती मोठं आणि नेमकं कुठे आहे, यावरही इंजेक्शनं पुरतील की शस्त्रक्रिया लागेल हे ठरतं. संसर्ग मेंदूकडे सरकल्याची शंका आली, तर एमआरआयही करतात.

सूज पापणीपुरतीच असेल, डोळा नीट फिरत असेल आणि नजर चांगली असेल, तर सहसा स्कॅन लागत नाही. पण डोळा पुढे आला असेल, फिरवताना दुखत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा लाल रंग फिका वाटत असेल, तर एका स्कॅनच्या किरणांपेक्षा उशीर कितीतरी धोक्याचा. अशा वेळी आजच रुग्णालय गाठा. मूत्रपिंडाचा विकार किंवा आधीच्या कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असल्यास आधी सांगा.