कम्युनिटी कॉलेजात एक वर्ग शिकवला तर हाती काय उरतं?

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजची अर्धवेळ प्राध्यापकाची जाहिरात वाचताना नजर आधी तासाच्या दराकडे जाते. तासाला ९० डॉलर! महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवून आलेल्यांना तर हा आकडा खरा वाटत नाही. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये सांगितले, आणि तेही सगळीकडे मिळत नाहीत.

पण हे ९० डॉलर वर्गात उभं राहण्याच्या तासाचे असतात. तयारी, पेपर तपासणी, विद्यार्थ्यांच्या ईमेल आणि गाडीतला वेळ त्याच रकमेत बसवायचा असतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतले साधारण दोनतृतीयांश प्राध्यापक अर्धवेळ आहेत. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणाऱ्या या मंडळींना तिथे ‘फ्रीवे फ्लायर’ असं नाव पडलं आहे. सॅन होजे, फ्रीमॉन्ट, सनीव्हेल भागातल्या, एम.एस्सी. किंवा एम.ए. होऊन घरी असलेल्या अनेकांना या कामाचा मोह होतो. त्यांनी होकार देण्याआधी हा हिशेब एकदा मांडावा.

सुरुवातीचा खर्च

बहुतेक विषयांना त्या विषयातली मास्टर्स पदवी लागते. पदवी भारतातली असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. विषयवार अहवालाला साधारण २०० डॉलरच्या आसपास खर्च येतो. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवण्याचा खर्च आणि वेळ वेगळा, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. बोटांच्या ठशांची ‘लाइव्ह स्कॅन’ तपासणी होते. तिचे राज्याला ३२ डॉलर, एफबीआयला १७ डॉलर आणि ठसे घेणाऱ्या केंद्राची फी वेगळी. क्षयरोगाची तपासणी नेमणुकीच्या वेळी आणि पुढे दर चार वर्षांनी होते. यातलं कॉलेज काय भरून देतं ते आधीच विचारा.

एच-४ व्हिसावर असाल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड हवं, आणि ते मिळण्यासाठी साधारणपणे जोडीदाराचा ग्रीनकार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. सत्राच्या मध्येच कार्ड संपलं तर वर्ग सोडावा लागतो. म्हणून कार्डाची तारीख सत्राच्या तारखांशी जुळवून मगच होकार द्या. एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांना जोडकाम म्हणून असा वर्ग परस्पर घेता येत नाही. त्यासाठी कॉलेजला वेगळा अर्ज करावा लागतो.

एका वर्गाचा हिशेब

दर डिस्ट्रिक्टगणिक, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या स्थानिक संस्थेगणिक बदलतो, म्हणून इथे ९० डॉलर हा फक्त नमुना धरू. तीन युनिटचा व्याख्यानाचा वर्ग म्हणजे सत्रभरात ५४ तास. पूर्णवेळ प्राध्यापक साधारणपणे १५ युनिट शिकवतो आणि त्याचा आठवडा ४० तासांचा धरतात. म्हणजे वर्गातल्या एका तासामागे एकूण काम जवळपास २ तास ४० मिनिटांचं.

घर ते कॉलेज २५ मैल आणि पाऊण तास, आठवड्यातून दोन फेऱ्या, १८ आठवडे असं धरलं तर:

- मिळकत: ५४ तास × ९० = ४,८६० डॉलर
- एकूण काम: सुमारे १४४ तास
- प्रवास: ३६ फेऱ्या, १,८०० मैल, ५४ तास
- गाडीचा खर्च, २०२५ च्या आयआरएस दराने (मैलाला ७० सेंट): १,२६० डॉलर
- खर्च वजा जाता: ३,६०० डॉलर, १९८ तासांसाठी

म्हणजे तासाला सुमारे १८ डॉलर. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं.

हे झालं कर कापण्याआधी. जोडीदाराचा पगार चांगला असेल तर तुमचे डॉलर त्याच्यावर रचले जातात आणि त्याच्याच वरच्या दराने त्यांच्यावर कर बसतो. फेडरल २४ टक्के आणि राज्याचा ९.३ टक्के धरला, मेडिकेअरचे १.४५ टक्के आणि निवृत्ती खात्याचे ४ टक्के कापले, तर हातात तीन हजारांच्या आसपास येतात. गाडीचा खर्च काढला की १,७०० ते १,८०० उरतात. घर ते कॉलेज या प्रवासाचा खर्च करातून वजा होत नाही. मुलांना डे-केअरमध्ये ठेवायचं असेल तर तो खर्च या उरलेल्या रकमेतूनच जाणार.

दुसरा वर्ग का महत्त्वाचा

त्याच कॉलेजात, त्याच दोन दिवशी दुसरा वर्ग मिळाला तर मिळकत ९,७२० डॉलर होते. गाडीचा खर्च आणि प्रवासाचे तास तेवढेच राहतात. कर कापण्याआधी तासाला सुमारे २५ डॉलर पडतात. दोन्ही वर्ग एकाच विषयाचे असतील तर तयारीही वाचते. उलट दुसरा वर्ग ३० मैलांवरच्या वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये घेतला तर ही वाढ रस्त्यावरच संपते.

दुसरं कारण आरोग्य विम्याचं. दोन वर्ग म्हणजे ६ युनिट, म्हणजेच पूर्णवेळ लोडच्या ४० टक्के. अर्धवेळ प्राध्यापकांच्या आरोग्य विम्यासाठी राज्य पूर्वी वर्षाला पाच लाख डॉलरही देत नव्हतं. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद वर्षाला २० कोटी डॉलर झाली. पात्रतेची रेषा ४० टक्के लोडची आहे. पण यात भाग घ्यायचा की नाही हे डिस्ट्रिक्ट आणि युनियन मिळून ठरवतात. म्हणून तीन गोष्टी विचारा: इथे विमा मिळतो का? प्रीमियममधला माझा वाटा किती? कुटुंबाला तो लागू होतो का? दोन डिस्ट्रिक्टमधला लोड मिळून ४० टक्के होत असेल, तर स्वतः भरलेल्या प्रीमियमची भरपाई मागण्याची सोयही या योजनेत आहे. मात्र त्यासाठी डिस्ट्रिक्टने योजनेत भाग घेतलेला असावा लागतो. घरात जोडीदाराच्या कंपनीचा चांगला विमा असेल तर हा फायदा आज तुमच्या कामाचा नाही. एकट्याने राहणाऱ्या किंवा जोडीदाराची नोकरी डळमळीत असलेल्या ग्रीनकार्डधारकांसाठी मात्र तो दरापेक्षाही मोठा ठरू शकतो.

वरची मर्यादाही ध्यानात ठेवा. कायद्याने एका डिस्ट्रिक्टमध्ये अर्धवेळ प्राध्यापकाला ६७ टक्क्यांपेक्षा जास्त लोड देता येत नाही. म्हणजे तीन युनिटचे तीनच वर्ग. ही मर्यादा वाढवणारं विधेयक २०२२ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी नाकारलं. त्यामुळे याच कामावर घर चालवायचं असेल तर दोन डिस्ट्रिक्ट गाठण्यावाचून इलाज उरत नाही.

निवृत्तीचे पैसे: कागदावर सही करण्याआधी

रुजू होताना एक फॉर्म पुढे येतो आणि बहुतेक जण तो न वाचता भरतात. डिस्ट्रिक्टनुसार त्यात दोन-तीन पर्याय असतात.

कॅलस्टर्स (कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांची निवृत्ती संस्था) पेन्शन: २०१३ पासून आलेल्या नव्या सदस्यांच्या पगारातून १०.२०५ टक्के कापले जातात. पेन्शनचा हक्क पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो, पण सेवा लोडच्या प्रमाणात मोजतात. ४० टक्के लोडने पाच वर्षं भरायला साडेबारा वर्षं लागतात.

कॅलस्टर्स कॅश बॅलन्स: सहसा तुमचे ४ टक्के आणि डिस्ट्रिक्टचे ४ टक्के. पहिल्या दिवसापासून सगळी रक्कम तुमची, आणि काम सोडल्यावर ती व्याजासह काढता येते. चार-पाच वर्षांत भारतात परतण्याचा विचार असणाऱ्यांना बहुधा हाच पर्याय सोयीचा.

सोशल सिक्युरिटी: पगारातून ६.२ टक्के जातात. पेन्शनसाठी ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षं हवीत. २०२५ मध्ये १,८१० डॉलरला एक क्रेडिट आणि वर्षाला जास्तीत जास्त चार असा हिशेब होता. म्हणजे दर सत्राला एक वर्ग घेतला तरी वर्षाची चारही क्रेडिट मिळतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही. त्यामुळे दहा वर्षं भरण्याआधी परतलात तर भरलेले पैसे तिथेच राहतात.

वर्ग रद्द झाला तर?

विद्यार्थी कमी पडले की सत्राच्या तोंडावर वर्ग रद्द होतो. एखाद्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा वर्ग रद्द झाला तर तुमचा त्याला दिला जातो. काही करारांत अशा वेळी थोडी भरपाई मिळते, काहींत छदामही नाही. दोन सत्रांमधल्या सुट्टीत बेरोजगार भत्ता मागता येतो. विद्यार्थीसंख्येवर अवलंबून असलेलं पुढच्या सत्राचं आश्वासन म्हणजे नोकरीची हमी नव्हे, असा निकाल १९८९ च्या सर्वीसी खटल्यात कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने दिला आहे. व्हिसावर असाल तर अर्ज करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

दर रास्त आहे का, कसं ओळखायचं?

प्रत्येक डिस्ट्रिक्टचं पगारपत्रक आणि युनियनचा करार वेबसाइटवर खुला असतो. त्यात तुमच्या पदवीच्या आणि अनुभवाच्या पायरीवरच्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा पगार शोधा. तो वर्षाला पाच-पाच असे दहा वर्ग घेतो, म्हणून पगाराला दहाने भागा. समजा पगार एक लाख डॉलर आहे, तर एका वर्गाचे दहा हजार झाले. पूर्णवेळ माणसाला समित्यांचं वगैरे कामही असतं. ते पाव भाग धरून वजा करा, ७,५०० उरतात. आपल्या नमुन्यातले ४,८६० डॉलर या रास्त रकमेच्या दोनतृतीयांशांच्याही खाली आहेत. क्वार्टर पद्धतीच्या फुटहिल-डी अँझासारख्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्गांची संख्या आणि तास तिथल्या वेळापत्रकाप्रमाणे मोजा.

होकार देण्याआधी हे विचारून घ्या:

- भारतातला शिकवण्याचा अनुभव पायरी ठरवताना धरणार का? जुन्या कॉलेजची अनुभवपत्रं नेमणुकीच्या वेळीच द्या.
- ऑफिस अवर्सचे वेगळे पैसे मिळतात का?
- पुन्हा नेमणुकीत प्राधान्य किती सत्रांनी मिळतं? २०१६ च्या कायद्यांनी या विषयावर युनियनशी बोलणी करायला डिस्ट्रिक्टांना भाग पाडलं आहे.
- आजारपणाची रजा किती साठते?
- वर्ग ऑनलाइन घेता येईल का? गाडीचा खर्च आणि प्रवासाचे तास शून्य झाले तर आपल्या नमुन्यातला एकच वर्गही तासाला जवळपास ३४ डॉलर देतो.

लांबच्या कॉलेजातला एकच वर्ग पैशासाठी घेऊ नका. अमेरिकेतला शिकवण्याचा अनुभव बायोडेटावर यावा म्हणून एखादं सत्र घेतलं तर ठीक. घराजवळचं एकच डिस्ट्रिक्ट, लागोपाठ दोन वर्ग आणि ४० टक्के लोड जमत असेल तरच पुढची सत्रं स्वीकारा. आणि रुजू झालात की युनियनचं सदस्यत्व नक्की घ्या, कारण अर्धवेळ प्राध्यापकाचा दर, विमा आणि पुढच्या सत्रातला वर्ग हे सगळं तिच्याच करारात ठरतं.