रांगेचे आकडे खरे हवेत

प्रश्न : लिनक्सवर फाइलींमधले बदल टिपणारी लायब्ररी लिहितो आहे. इव्हेंटच्या रांगेची आकडेवारी वापरणाऱ्याला कशी द्यावी?

उत्तर : आधी रांग भरून वाहिल्याची खबर द्या, बाकीचं नंतर. फाइलींमधले बदल कळवणाऱ्या कर्नलच्या इनोटिफाय सुविधेच्या रांगेची मर्यादा सहसा १६,३८४ इव्हेंट असते. ती भरली की कर्नल पुढचे इव्हेंट टाकून देतो आणि ओव्हरफ्लोचा एक इव्हेंट ठेवतो. त्याचा वॉच क्रमांक उणे १. किती हरवले, ते त्यात नसतं. म्हणून ‘हरवलेले इव्हेंट’ असा आकडा कृपया छापू नका. ओव्हरफ्लो किती वेळा झाला, शेवटचा कधी, एवढं सांगा आणि फोल्डर पुन्हा पूर्ण तपासायला लावा. बॅकअपसारख्या कामात ही एक सूचना चुकली, तर फाइल कायमची मागे राहू शकते.

एफआयओएनरीड या आयओसीटीएल विनंतीने रांगेतले बाइट कळतात, इव्हेंट नाहीत. प्रत्येक इव्हेंटला १६ बाइट, वर फाइलच्या नावाची जागा. त्यामुळे बाइटना १६ ने भागून इव्हेंट मोजणं फसवं ठरतं. बाइटच दाखवा.

तुमच्या लायब्ररीची स्वतःची रांग असेल, तर तिची सध्याची आणि आजवरची कमाल लांबी वेगळी द्या. कर्नलच्या आकड्यात ती मिसळू नका; नाहीतर वाचणारा प्रोग्राम मंद आहे की लायब्ररी, हे कुणालाच उमगणार नाही.