घरकुलाचा हंगाम आणि मजुरीचा हंगाम

परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. भारी काळी जमीन, बरीचशी कोरडवाहू शेती आणि तिच्यावर विसंबून असलेली मजूर कुटुंबे असे या पट्ट्याचे चित्र आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत येथील घरे बदलली आणि कामाचे दिवसही बदलले. हे दोन्ही बदल एकमेकांत गुंतलेले आहेत, हे घर बांधू इच्छिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कामाचे दिवस कोठे गेले?

पूर्वी खरिपात ज्वारी व कापूस ही मुख्य पिके होती. कापसाची खुरपणी पावसाळाभर चाले आणि वेचणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, कधी त्याहीपुढे. १९९० नंतर सोयाबीनचे क्षेत्र वाढत गेले. हे पीक साधारण ९५ ते ११० दिवसांत निघते. काढणी गुत्त्याने पंधरवड्यात उरकते, मळणी यंत्रावर होते आणि तणनाशकामुळे खुरपणीच्या पाळ्याही कमी झाल्या. शेतकऱ्याचा वेळ वाचला हे खरे, पण बायामाणसांच्या हातचे काम सर्वांत जास्त गेले. रोजगार हमीचा कायदा राज्याने १९७७ मध्ये केला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातातच. कारण उघड आहे. मुकादमाची उचल आधी हातात पडते, हजेरीची मजुरी मागाहून मिळते.

माळवद गेले, स्लॅब आला

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली, ती मुख्यतः अशाच जड घरांच्या ढिगाऱ्याखाली. त्या धसक्याने आणि लाकूड महागल्यानेही लोक पत्र्याकडे व स्लॅबकडे वळले. माळवदाची डागडुजी घरच्या माणसांना करता येत असे. स्लॅबला मात्र सिमेंट, गज, गवंडी आणि रोख पैसा लागतो.

इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना आली. त्या वेळी किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरले. अनुदान हप्त्याने मिळते. जोते, भिंती अशा टप्प्यांवर बांधकामाचा फोटो काढला जातो आणि मगच पुढचा हप्ता येतो. घर १२ महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते.

खरी अडचण येथेच आहे. बांधकामास कोरडे दिवस लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कुटुंब तोडीवर असते. शिवाय अनुदानात घर पुरे होत नाही म्हणून बरेच जण उचल घेतात. घरासाठी घेतलेली उचल घरापासूनच दूर नेते, आणि मागे गुत्तेदार कसे काम करतो हे पाहायला कोणी उरत नाही.

यावर सोयीची विभागणी अशी करावी. कागदपत्रे व जागेची मोजणी पावसाळ्यातच उरकावी. काढणी होताच पाया व जोते घरच्यांच्या देखरेखीखाली बांधून घ्यावे आणि पहिल्या टप्प्याचा फोटो निघाल्यावरच गाव सोडावे. भिंती व स्लॅब परत आल्यावर करावेत. गुत्तेदाराला सर्व रक्कम आगाऊ देऊ नये.

मात्र मार्च-एप्रिलमध्ये स्लॅब घालायचा तर पाण्याची तजवीज आधी पाहिजे. २५ चौरस मीटरच्या स्लॅबवर क्यारे करून अडीच सेंटिमीटर पाणी उभे करण्यास ६२५ लिटर, म्हणजे २०० लिटरची तीन टिपाडे आणि वर थोडे, लागते. उन्हाने आटेल तशी रोज भर घालावी लागते ती वेगळीच. किमान १० दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. भिंतींवर बारदान टाकून ते भिजते ठेवावे. विहीर मार्चमध्येच तळ गाठत असेल तर घरातील एका जाणत्या माणसाने मागे राहून माघ महिन्यातच स्लॅब उरकणे शहाणपणाचे. एका माणसाची मजुरी बुडेल, पण कच्चा राहिलेला स्लॅब पुन्हा घालता येत नाही.

काळ्या जमिनीचा पाया

आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि भिंत तडकते. मुरूम जवळ लागत असेल तर पाया तेथपर्यंत न्यावा. काळी माती खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी फुगीर खांबांचा पाया अधिक भरवशाचा, पण त्यासाठी पंचायत समितीच्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जोत्याच्या पातळीवर सळईचा सलग पट्टा घालावा, जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरून चोपावा. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नये आणि मोठी झाडे भिंतीपासून दूर लावावीत.

घरकुल योजनेत प्रत्यक्ष बांधकामावरच ४५ दिवसांचे गवंडी प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. गावात दोन-चार तरुण गवंडी तयार झाले तर त्यांना दिवाळीनंतर कोयता उचलण्याऐवजी थापी धरून गावातच मजुरी मिळू शकेल. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाईल तेव्हाच या प्रशिक्षणाची मागणीही नोंदवावी.