आधी जाणाऱ्या पाण्याचं बघ

अगं, तू पाठवलेला बाथरूमचा नकाशा मी नीट पाहिला. टाइल्सचा तो निळा रंग फार सुरेख आहे. पण कमोड तू खिडकीजवळून उचलून थेट दाराशेजारच्या भिंतीला नेलायस, आणि मी तिथेच अडले. टाइल्सचे पैसे भरायच्या आधी माझं ऐक.

येणारं पाणी तुला हवं तिथे नेता येतं. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याला ढकलतो, म्हणून पाइप भिंतीतून वर चढवला, दारावरून फिरवला तरी चालतो. जाणाऱ्या पाण्याला मात्र ढकलणारं कोणी नसतं, ते उताराच्या भरवशावरच जातं. कमोडचा पाइप चार इंची, आणि त्याला दर चार फुटांमागे साधारण इंचभर उतार हवा. डक्ट खिडकीच्या बाजूला आहे. कमोड जितका लांब नेशील तितका पाइप जमिनीखाली खोल जायला हवा, आणि खाली तेवढी जागा नसेल तर मिस्त्री सरळ बाथरूमची जमीन उचलतो. मग दारात पायरी येते. आईचे गुडघे आठव. शिवाय त्या भरावाचं वजन स्लॅबवर पडतं ते वेगळंच.

म्हणून आधी विचार, तुमच्या बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला आहे का, म्हणजे ज्याला मिस्त्री ‘संक’ म्हणतात तो आहे का? जुन्या इमारतींत बरेचदा नसतो. तिथे आपले ड्रेनेजचे पाइप खालच्यांच्या बाथरूमच्या छताला लटकलेले असतात. तसं असेल तर तुझा कमोड हलवणं म्हणजे खालच्यांच्या घरात जाऊन काम करणं, आणि त्यांची परवानगी नसेल तर विषय तिथेच संपला.

आणखी एक. डक्टमध्ये डोकावून बघ, जुन्या इमारतीत दोन उभे पाइप दिसतील. एक कमोडचा, दुसरा अंघोळीच्या आणि बेसिनच्या पाण्याचा. अंघोळीचं पाणी खाली गली ट्रॅपमधून चेंबरला जातं, कमोडचं थेट चेंबरला. ‘जवळचा आहे तो जोडून टाकतो’ असं प्लंबर म्हणाला तर ठाम नाही म्हण. कमोड चुकीच्या पाइपला जोडला की तळमजल्यावरचा गली ट्रॅप तुंबतो आणि वास सगळ्या बिल्डिंगला.

माझं मत विचारशील तर कमोड आहे तिथेच राहू दे. बेसिन दाराजवळ घे, शॉवर मधल्या भिंतीला, आणि मध्ये काचेचं पार्टिशन. बेसिन, शॉवरचे पाइप बारीक असतात, त्यांना थोडी जागा पुरते. तुला हवा तो मोकळेपणा एवढ्यानेही मिळेल. नवा कमोड घेताना मात्र भिंतीपासून त्याच्या खालच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून घे, आणि ते टाइल्स लागल्यावरच्या भिंतीपासून धर. टाइल आणि तिच्यामागचं सिमेंट मिळून चांगला इंचभर खातात.

आता येणाऱ्या पाण्याचं. भिंतीतला जुना लोखंडी पाइप पूर्ण काढायला लाव. ‘हा तुकडा चांगला आहे’ म्हणून ठेवलेला तुकडाच पुढे गंजून गळतो, तोही नव्या टाइल्सच्या आत. गरम पाण्याला पिवळसर सीपीव्हीसी पाइप लागतो, पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्याचा, आणि दोघांचं सोल्यूशनही वेगळं. गिझरला प्लास्टिकचा पाइप थेट जोडू देऊ नकोस, मध्ये धातूची लवचीक जोडनळी हवी. भिंतीत खाचा कटर मशीनने पाडायच्या, हातोडा मारून नाही. बीम आणि कॉलमला तर हातच लावायचा नाही, मिस्त्री कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

यातलं सगळं विसरलीस तरी चालेल, पण दोन चाचण्या सोडू नकोस. पाइप टाकून झाले की टाइल्सच्या आधी हातपंपाने दाब देऊन बघायचं. मीटरचा काटा खाली सरकला तर कुठेतरी गळतंय. आणि जुना कोबा फोडून वॉटरप्रूफिंग झालं, की ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवायचं, निदान २४ तास, जमलं तर ४८. पाणी झिरपतं ते बहुधा स्लॅबमधून पाइप जातो तिथल्या कडेने. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच खालच्या काकूंना भेटून ये, आणि पाणी भरलेलं असताना त्यांचं छत स्वतः जाऊन बघ. सोसायटीला अर्जही लेखी दे. मिस्त्री घाई करेल, त्याला पुढचं काम असतं. तू मात्र घाई करू नकोस, लागले तर दोन दिवस जास्त राहा माझ्याकडे.

प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढ, कुठला पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते दिसेल असे. पुढे टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल मारशील तेव्हा ते लागतील. फोटो मलाही पाठव, म्हणजे तुझा फोन बदलला तरी माझ्याकडे राहतील.