मालिका बंद होते त्या दिवशी

दैनंदिन मालिकेच्या लेखकाला ‘बदला’ हा निरोप सगळ्यांच्या आधी येतो आणि ‘बंद’ हा सगळ्यांच्या नंतर. नायिकेला ताप आला, बाहेरच्या चित्रीकरणात पाऊस लागला, गुरुवारी टीआरपी घसरल्याचं कळलं, की पहिला फोन लेखकाला. मालिका गुंडाळायचं ठरलं की मात्र स्पॉटदादांना कळतं, केटररला कळतं, शेजारच्या सेटवरच्या ड्रायव्हरलाही कळतं, आणि आपण घरी बसून पुढच्या महिन्याचा ट्रॅक रंगवत असतो.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली भेटली की ‘ब्रेक कसा मिळेल?’ हाच प्रश्न असतो. मी उलट्या टोकाकडून सांगायला लागते. मालिका बंद होईल त्या दिवशी तुमच्या हातात काय उरेल, याचा विचार पहिल्या दिवशीच करा. ब्रेक मिळतो. बऱ्याच जणांना मिळतो. त्यापुढची वर्षं कशी निघतात, हा खरा प्रश्न.

काय घडलं

मी एका मालिकेचे संवाद लिहीत होते. करार निर्मिती संस्थेने सगळ्या लेखकांना दिला तोच, छापील नमुन्यातला. मानधनाच्या कलमात शब्द होते, ‘प्रति प्रक्षेपित भाग’. मालिका चालू असताना या शब्दांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. लिहिलेलं चार-सहा दिवसांत शूट होत होतं, शूट झालेलं दिसत होतं.

मग वेळ बदलली. साडेआठची मालिका साडेसहाला गेली. संध्याकाळी लवकरच्या वेळेला ढकललेली मालिका फार टिकत नाही, हे जुने लोक सांगतात, तेव्हाही त्यांनी सांगितलं. वाहिनीच्या क्रिएटिव्हने मात्र नवा ट्रॅक मागितला. आम्ही तो उभा केला, भाग लिहून पाठवले. दरम्यान वरच्या मजल्यावर निर्णय झाला होता. तीन महिने चालायचा ट्रॅक आठवड्याभरात संपवा, असा निरोप आला. खलनायिकेला पश्चात्ताप झाला, हरवलेला भाऊ सापडला, सत्यनारायण झाला, मालिका संपली.

लिहून दिलेले पण शूटच न झालेले भाग हिशेबातून गेले. प्रक्षेपित झालेल्या शेवटच्या भागांचे पैसेही अडकले. आधी ‘वाहिनीकडून आले नाहीत’, मग ‘अकाउंट्सचे सर रजेवर आहेत’, मग फोनच उचलला जाईना. एका ज्येष्ठ लेखकाने सांगितलं, भांडू नकोस, कागद गोळा कर. कोणता भाग कोणत्या तारखेला मेल केला, कोणता कधी दिसला, बिल कधी पाठवलं, यांचा एक तक्ता केला. तो जोडून संस्थेला पत्र गेलं, लेखक संघटनेकडे तक्रार गेली. प्रक्षेपित भागांचे पैसे अखेर आले. न दिसलेल्या भागांचे आले नाहीत, कारण करार संस्थेच्या बाजूने होता.

पुढे जे सांगते आहे, ते या हिशेबातून आलेलं आहे.

आत शिरताना

मराठीत मालिकालेखक बहुधा एकांकिकांतून येतात. पुण्यात 1963 पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक, मुंबईतली सवाई, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा. हा पाया चांगला, कारण तिथे संवाद नटाच्या तोंडून ऐकायची सवय लागते. पण एकांकिका वर्षभर घासून एकदा होते. मालिकेचा भाग रोज लागतो. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर, आठवड्याला सहा भाग, क्वचित सात. हा वेग जमतो का, ते घरी तपासून पाहा. चालू असलेली एखादी मालिका महिनाभर वही घेऊन बघा. किती सीन आहेत, किती सेट वापरलेत, ब्रेकच्या आधी काय सोडलंय, कालचं आज किती उगाळलंय. मग त्याच पात्रांचे दोन भाग स्वतः लिहा, दोन दिवसांत.

‘माझ्याकडे एक जबरदस्त कन्सेप्ट आहे’ म्हणून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवू नका. नवख्याच्या कन्सेप्टवर कोट्यवधींचा खर्च कुणी करत नाही. वेळेवर, बोलता येण्यासारखे संवाद लिहिणारा माणूस मात्र सगळ्यांनाच हवा असतो. कथा, पटकथा आणि संवाद ही इथे तीन वेगळी कामं असतात, तीन वेगळ्या माणसांकडे असू शकतात आणि तिघांचे दर वेगळे. नवा लेखक बहुतेक वेळा संवादांतून आत येतो. त्यात कमीपणा नाही. फक्त आपण नेमकं कोणतं काम घेतलंय, ते कागदावर असू द्या. नाहीतर संवादांच्या पैशात पटकथाही लिहून घेतली जाते.

आणि तुमची बोली पुसून येऊ नका. 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये प्रल्हाद कुडतरकर यांनी संवाद लिहिले, त्यातल्या पांडूची भूमिकाही त्यांनीच केली, आणि कोकणातल्या बोलीची चव घराघरांत गेली. पुढच्या वर्षी तेजपाल वाघ यांच्या ‘लागिरं झालं जी’ने साताऱ्याकडची भाषा आणली. तुम्ही जतचे असाल, चिमूरचे असाल, काणकोणचे असाल, तर तिथल्या बायका भांडताना वाक्य कुठे तोडतात हे तुम्हालाच माहीत आहे. अंधेरीत बसून ते कुणाला सुचत नाही.

सकाळी नऊचा फोन

या कामाचं खरं कौशल्य कशात आहे, ते एका सकाळच्या प्रसंगावरून सांगते. भाग रात्रीच पाठवला होता. नऊला ईपीचा, म्हणजे कार्यकारी निर्मात्याचा, फोन.

“ताई, आजी आज येत नाहीत. दवाखान्यात आहेत.”

“मग उद्या घ्या.”

“उद्या दिवाणखान्याचा सेट दुसऱ्या युनिटला दिलाय. दुपारपर्यंत कायतरी करा.”

त्या भागात आजीचे तीन सीन. लग्नाच्या तारखेला ती भर बैठकीत नकार देते, त्यावर पूर्ण भाग उभा. अशा वेळी नवा लेखक आजीचे संवाद काकूच्या तोंडी घालतो. ते पडतं, कारण काकूच्या नकाराला घरात किंमत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा असतो: या सीनचं काम काय? आजीने बोलणं हे काम नव्हतं, नकार घरात पोचणं हे काम होतं. मग आजी तिच्या खोलीतच राहिली. मुलीची आई आत आजींची ओटी भरून परत यायच्या आत कामवाली मावशी आतून आली आणि तिने ओटीतला नारळ पाटावर ठेवला. “आजींनी परत दिलाय.” एवढं एकच वाक्य. बाकी सगळ्यांचे चेहरे. तीन पानांचं बोलणं एका नारळावर गेलं आणि दिग्दर्शकाने ब्रेक तिथेच घेतला.

सीनचं काम कळलं की नट, सेट, हवामान काहीही बदललं तरी हात थांबत नाही. एप्रिल 2021मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा मराठी मालिकांची युनिटं गोव्याला, सिल्वासाला, कुठे कुठे गेली. मे उजाडता उजाडता गोव्यानेही परवानगी काढून घेतली आणि पुन्हा पळापळ झाली. मुंबईतल्या वाड्यात घडणाऱ्या गोष्टी रिसॉर्टच्या खोल्यांत बसवायच्या होत्या, निम्मे कलाकार सोबत नव्हते. त्या महिन्यांत ज्यांचे हात चालत राहिले, त्यांना पुढे काम शोधावं लागलं नाही.

कागद

करार आला की ‘सगळे करतात’ म्हणून सही करू नका. सगळे करतात तरीही वाचा. सात गोष्टी बोट ठेवून शोधा. काम कोणतं: कथा, पटकथा, संवाद की तिन्ही. पैसे लिहून दिलेल्या भागाचे की प्रक्षेपित भागाचे. किती वेळा फेरलेखन त्याच पैशात. पैसे किती दिवसांनी. प्रक्षेपणानंतर नव्वद दिवस ही इथली नेहमीची रीत आहे, म्हणजे पहिले तीन-चार महिने स्वतःच्या खिशातून खायचं. श्रेयनामावलीत नाव कसं आणि कुठे. काढून टाकायचं झालं तर आधी किती दिवसांची सूचना. आणि काम अर्धवट थांबलं तर तोवरच्या लेखनाचं काय. प्रत्येक कलम बदलून मिळणार नाही. ‘मंजूर झालेल्या प्रत्येक भागाचे पैसे’ एवढा एक बदल मागा. मी तेव्हापासून तोच मागते. कधी मिळतो, कधी नाही, पण नाही मिळाला तर लिहून ठेवलेले भाग किती पुढे न्यायचे ते मला ठरवता येतं.

संकल्पना चोरीला जाण्याची भीती नव्यांना फार असते. कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. पण विश्वासाने, लेखी स्वरूपात सांगितलेली संकल्पना दुसऱ्याला परस्पर वापरता येत नाही, असंही मुंबई उच्च न्यायालयाने 2003मध्ये ‘कृष कन्हैया’ या मालिकेच्या संकल्पनेबाबत म्हटलं. अर्थ सरळ आहे. चहा पिता पिता गोष्ट सांगू नका. चार-पाच पानं लिहा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा, मेलने पाठवा, मग भेटायला जा. भेट झाल्यावर ‘आज अमुक संकल्पनेवर आपलं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा मेल टाका. कुणाचा अपमान होत नाही.

दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याबद्दलही विचारतात. शिकण्यासाठी एखाद्या मोठ्या लेखकाच्या हाताखाली लिहा, जरूर लिहा. पण नाव कधीपासून येणार, ते सुरुवातीलाच बोलून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57प्रमाणे हक्क विकल्यानंतरही आपण लेखक असल्याचं सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, आणि 2012च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. पण हे हक्क बजावायचे तर ते लेखन आपलं आहे हे दाखवता आलं पाहिजे. मालिकेची नावं पडद्यावरून झरझर जातात, कधी जातच नाहीत. आपलं नाव दिसेल तो भाग जपून ठेवा.

संघटनेचं सदस्यत्व अडचण आल्यावर घ्यायचं नसतं, पहिल्या कामाआधी घ्यायचं. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची तक्रारनिवारण समिती सदस्यांच्या तक्रारी ऐकते. मराठी लेखकांची ‘मानाचि’ आहे. मालिका, नाटक, चित्रपट तिन्हीकडच्या लोकांची. तिथे तुम्हाला अमुक संस्था पैसे देते का, या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी माणसंही भेटतात. हे उत्तर कुठल्याही करारात नसतं.

पैसा आणि बाकीचं

मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. तो खरंच तुमच्या नावावर भरला गेला का, हे आयकराच्या पोर्टलवर 26एएसमध्ये दर तिमाहीला बघा. मालिका बंद झाल्यावर कापलेला टीडीएसही गायब असल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मुंबईत मोठं भाडं, गाडी, हप्ते काही घेऊ नका. मार्च 2020मध्ये चित्रीकरण थांबलं, हाताशी असलेले भाग संपले आणि वाहिन्यांवर जुने भाग लागले. भागावर पैसे घेणाऱ्या लेखकाची मिळकत त्या दिवशी शून्यावर आली. पुन्हा महामारी यायची गरज नाही. एका गुरुवारच्या आकड्यानेही तेवढं होतं.

गावाकडची नोकरी सोडून येऊ का, असंही विचारतात. पहिलं काम हातात येईपर्यंत सोडू नका. आता ऑनलाइन बैठका होतात, संवाद मेलने जातात. नाशिक, कोल्हापूरला राहून लिहिणारे लोक आहेत. पण पहिल्या वर्षी अधूनमधून सेटवर जा. आपलं वाक्य नट कुठे अडखळतो, ते समोर बसल्याशिवाय कळत नाही.

स्वतःचं असं काहीतरी लिहीत राहा, एकांकिका, कथा, काहीही, ज्यावर वाहिनीचा फोन येणार नाही. मालिका संपल्यावर पुढच्या ऑफिसात दाखवायला तेच लागतं, कारण तीनशे भागांतून कुणी तुमचा हात वेगळा काढून बघत नाही.

आणि शेवटचा आठवडा

बंद होण्याचा निरोप आला की लेखकाचं मन उडतं. पैसे अडकणार हे दिसत असतं, ट्रॅक कापला गेलेला असतो, नट दुसऱ्या ऑडिशनना जात असतात. नेमके तेच भाग दिग्दर्शक, ईपी आणि वाहिनीचे क्रिएटिव्ह जवळून बघतात, कारण गुंडाळागुंडाळीत कोण टिकून राहिलं हे त्यांना लक्षात राहतं. आणि ती माणसं तिथे राहत नाहीत. तीन महिन्यांत प्रत्येक जण वेगळ्या मालिकेवर असतो, आणि प्रत्येकाला लेखक लागतो. मला पुढचं काम त्या पश्चात्ताप-भाऊ-सत्यनारायणाच्या आठवड्यातूनच आलं. दिग्दर्शकाने नव्या संस्थेत माझं नाव सांगितलं, तेव्हा जुन्या संस्थेबरोबरचा माझा पत्रव्यवहार अजून चालूच होता.

त्याला त्या पत्रव्यवहाराची माहिती होती. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. पैसे मागितले की काम जातं, अशी भीती नव्यांना घातली जाते. मागायची पद्धत नीट असेल तर जात नाही. शेवटचे भाग मन लावून लिहा, आणि बिलाचा पाठपुरावा दर आठवड्याला करा. दोन्ही एकाच वेळी करता येतं.